हा की तो? नाणं उडवा
दोन शर्ट बेडवर पसरून मी उभा, हा की तो, हा की तो, आणि घड्याळ पळतंय, रोजचंच झालेलं. आता सरळ नाणं उडवतो, छापा आला तर निळा. गंमत अशी की ते हवेत असतानाच मनात 'काटा येऊ दे रे' झालं ना, की उत्तर मिळालंच, नाणं बघायचीही गरज नाही. काहीच वाटलं नाही तर उचला कुठलाही.
मोबाईल वगैरे घ्यायचा तर आधी दोन-तीन अटी ठरवा, त्यात बसणारा पहिला दिसला की घ्यायचा (हर्बर्ट सायमन या अर्थतज्ज्ञाने १९५६ मध्येच ही 'पुरेसं चांगलं' वाली आयडिया मांडलेली) आणि घेतल्यावर रिव्ह्यू वाचत बसायचं नाही, मी वाचले होते, आठवडा वाया.