अनुदानाचा अर्ज: फॉर्म सोपा, अहवाल अवघड

'सरकार धंद्याला फुकट पैसे देतं' असं कुणी सांगितलं की मी विषय बदलते. माझं मसाला कांडप अनुदानातूनच उभं राहिलं आणि त्यानंतर ओळखीतल्या बऱ्याच जणींचे अर्ज मी बसून भरून दिले. त्यातून कळलं ते एवढंच: हे अनुदान कर्जाच्या पाठीवर बसून येतं. बँकेने कर्ज नाकारलं तर अनुदानही गेलं.

आधी योजना निवडा. नवा उद्योग असेल तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम (पीएमईजीपी) किंवा राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम. पापड, लोणची, मसाले असं खाण्याचं काम आधीपासून चालू असेल तर पीएमईजीपीच्या मागे लागू नका, तो नव्या युनिटसाठी आहे. तुमच्यासाठी सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांची केंद्राची योजना, म्हणजे पीएमएफएमई. तिथे प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान आहे. अर्ज सध्या चालू आहेत का, ते जिल्हा उद्योग केंद्रात आणि खाण्याच्या धंद्यासाठी कृषी कार्यालयात विचारा. व्हॉट्सअॅपवरच्या फॉरवर्डवर जाऊ नका.

आता हिशेब. ग्रामीण भागातल्या महिलेचा पीएमईजीपीतला १० लाखांचा प्रकल्प घ्या. स्वहिस्सा, म्हणजे स्वतःच्या खिशातून घालायची रक्कम, ५ टक्के, म्हणजे ५० हजार. बाकी साडेनऊ लाख बँक देते. ३५ टक्के अनुदान, म्हणजे साडेतीन लाख, तुमच्या हातात येत नाहीत. ते बँकेत ३ वर्षं ठेव म्हणून पडून राहतात. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागतही नाही. (शहरात, खुल्या प्रवर्गातल्या पुरुषाला हेच अनुदान १५ टक्के आणि स्वहिस्सा १० टक्के.)

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, फुकट होते. पैसे मागणारी वेबसाइट सरकारी नाही.

मी अडकले ती प्रकल्प अहवालात, म्हणजे धंद्याचा खर्च आणि कमाई बँकेला मांडून दाखवणाऱ्या कागदात. पहिला अहवाल मी एका एजंटाकडून दोन हजारांत करून घेतला. छान बाइंडिंग, रंगीत आलेख. बँकेतल्या साहेबांनी दोनच प्रश्न विचारले. "वर्षाचे ३६५ दिवस मशीन चालणार? लाईट जाते तेव्हा काय करता?" आणि "मिरची कधी खरेदी करणार?" मला एकाचंही उत्तर आलं नाही, कारण त्यातला एकही आकडा माझा नव्हता. फाइल परत आली.

दुसरा अहवाल मी वहीत स्वतः लिहिला. आमच्याकडे बायका वर्षाचा मसाला उन्हाळ्यात करून ठेवतात. म्हणजे मार्च ते मे रांग लागते आणि श्रावणात मशीनवर धूळ बसते. पण हप्ता दर महिन्याला सारखाच. हे मी महिनावार लिहून काढलं. मिरची मात्र हंगामात एकदम भरावी लागते आणि त्याला लागणारं खेळतं भांडवल एजंटाने धरलंच नव्हतं. मशीनला पैसे आणि मिरचीला शून्य! असा अहवाल मंजूर झाला असता तर मी पहिल्याच वर्षी बुडाले असते.

म्हणून माझं ठाम मत आहे: टाइप कुणाकडूनही करून घ्या, आकडे स्वतःचे हवेत. पहिल्या वर्षी मशीन निम्म्या क्षमतेने चालेल असंच धरा. जवळच्या दोन कांडपांवर जाऊन किलोचा दर विचारा, दुकानदारांशी बोला. थ्री फेज जोडणीचा खर्च धरा. जमिनीची किंमत पीएमईजीपीच्या प्रकल्प खर्चात बसत नाही, ती घालू नका. मशीनचं दरपत्रक जीएसटी क्रमांक असलेल्या विक्रेत्याचंच घ्या आणि ऑफर आहे म्हणून मंजुरीआधी मशीन उचलू नका. माझ्या एका मैत्रिणीने उचललं, तो खर्च प्रकल्पात धरलाच गेला नाही.

पीएमएफएमईला अहवालासाठी जिल्हा संसाधन व्यक्ती, म्हणजे अर्जदारांच्या मदतीला योजनेने नेमलेली व्यक्ती, मदत करते. तिचं मानधन योजनेतून मिळतं, तुम्ही काही द्यायचं नाही. 'मंजूर करून देतो, टक्के द्या' म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

ऑनलाइन अर्ज तासाभरात होतो. नंतर फाइल बँकेकडे गेली की आठवड्याला एक चक्कर मारा, फोनवर कामं होत नाहीत. छोट्या उद्योगाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. घराचे कागद मागितले तर नकार लेखी मागा, सूर बदलतो. हप्ता सुरू होण्याआधीची सवलतीची मुदत मंजुरीपत्रात वाचून घ्या. आम्हा मसालेवाल्यांना ती उन्हाळा संपेपर्यंत मिळाली तर सोनं.

मंजुरीनंतर उद्योजकता प्रशिक्षण उरकून घ्या.

३ वर्षांनी युनिट चालू आहे का याची पाहणी होते आणि मग अनुदानाची ठेव कर्जात वळती होते, म्हणजे तेवढं कर्ज फिटतं. दारावर योजनेच्या नावाचा बोर्ड लागतो. माझा फ्लेक्स पहिल्याच पावसात फाटला, तुम्ही पत्र्यावर रंगवून घ्या.