मेलेल्या खलिफाने मला कसं तोंडावर पाडलं

मध्ययुगीन नाण्यांवर काम सुरू करताय ना, मग वजन, धातू, टांकसाळ हे सगळं माहीत असेलच, ते सोडते. मी जिथे आपटले तेवढंच सांगते.

एमएच्या प्रबंधात दिल्ली सल्तनतीचा एक टंका, म्हणजे चांदीचं नाणं, घेतला होता. नाणं तरी कुठलं, त्याच्या एका बाजूचा व्हॉट्सॲपवर आलेला फोटो. त्यावर बगदादचा खलिफा, म्हणजे सुन्नी मुसलमानांचा सर्वोच्च प्रमुख, अल-मुस्तासिम याचं नाव स्वच्छ वाचता येत होतं आणि मुस्तासिमला तर हुलागूच्या मंगोलांनी १२५८ मध्ये बगदादला मारलं, मग काय, दिलं ठोकून की नाणं १२५८ च्या आधीचं. व्हायव्हाला मॅडमनी काही न बोलता दुसऱ्या बाजूचा फोटो पुढे सरकवला. सुलतान बल्बन! तो दिल्लीच्या गादीवर आला १२६६ ला.

परत सांगते, कारण इथेच सगळे घसरतात. खलिफा मेला तरी दिल्लीच्या नाण्यांवर त्याचं नाव जलालुद्दीन खलजीपर्यंत, म्हणजे चाळीसेक वर्षं चालूच राहिलं. बल्बनच्या आधीचा सुलतान इल्तुतमिश मूळचा गुलाम, त्याला १२२९ मध्ये बगदादच्या खलिफाकडून मान्यता आली, आणि गादीवर आपला हक्क काय हे दाखवायला पुढच्यांकडेही त्याहून मोठं काही नव्हतं. म्हणजे ते नाव वाचून तारीख नाही कळत, सुलतानाला काय मिरवायचंय ते कळतं. जलालुद्दीननंतरच्या अलाउद्दीन खलजीने ते काढून टाकलं आणि स्वतःला दुसरा सिकंदर म्हणवून घेतलं.

मुहम्मद तुघलकाचं तर विचारूच नका. १३३० च्या आसपास चांदीच्या भावात पितळ-तांब्याची नाणी चालवायची होती, म्हणून त्यांवर लिहिलं की जो सुलतानाची आज्ञा पाळतो तो रहमानाची, म्हणजे अल्लाची, पाळतो. ही आपल्या दौलताबादेतही पाडली. लोकांनी मजकूर वाचला असेल नसेल, घरोघरी खोटी नाणी मात्र पाडली, आणि सगळी परत घ्यावी लागली.

आता उलटं टोक. सगळीकडे प्रचारच दिसायला लागतो, मलाही लागला होता. मुहम्मद घोरीच्या सोन्याच्या नाण्यावर लक्ष्मी आहे आणि नागरीत त्याचं नाव, त्यावरून ‘सहिष्णुता’ नाहीतर ‘कावा’ असं काहीही लिहू नका. त्याच्याआधी उत्तरेत राज्य करणाऱ्या गाहडवाल राजांचं लक्ष्मीचं नाणं बाजारात चालत होतं, तेच त्याने पुढे चालवलं, बरंचसं एवढंच.

फेसबुक ग्रुपवर ‘हे कुणाचं?’ विचारून प्रबंध होत नाही, स्पष्टच बोलते. नाण्यांवरची लिपी शिका. घाबरू नका, ठरावीक पदव्याच पुन्हापुन्हा येतात, पाच-सहा महिन्यांत डोळा बसतो. आणि गाइड कितीही मोठे असोत, नाणं हातात न देता नुसतं ‘कॅटलॉग बघ’ म्हणत असतील तर दुसरं कुणीतरी शोधा.

मॅडमनी पास केलं मला, तिसरं प्रकरण पूर्ण नव्याने लिहून घेऊन.