ब्लूम घ्यावा की ला वी ए बेल?

बस्ता बांधायला निघालेल्या मुली हल्ली साड्यांबरोबर सेंटचंही विचारतात. लातूरला माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणी दोनच बाटल्यांपाशी येऊन अडतात: गुच्चीचा ब्लूम आणि लांकोमचा ला वी ए बेल. दोन्ही गोड, दोन्ही फुलांचे. पण गोडी एका जातीची नाही, आणि निवड त्यावरच करायची.

ब्लूम २०१७ चा. त्यात निशिगंध, जाई आणि मधुमालती. आमच्या फाटकावर मधुमालती चढवलीय. संध्याकाळी पांढरी उमलते, मग गुलाबी, मग लाल होत जाते. दिवे लागायच्या वेळी तिच्याखाली उभं राहिलं की जो वास येतो, त्याच्या जवळपास जाणारा सेंट मला ब्लूमच वाटतो. ला वी ए बेल २०१२ चा. आयरिस, जाई, संत्र्याची फुलं त्यातही आहेत, पण खाली व्हॅनिला आणि प्रालीन आहे, म्हणजे साखरेच्या पाकात खरपूस केलेला बदाम. ही गोडी खाण्यातली.

आता आपलं हवामान बघा. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. उन्हात सेंट भराभर उडतो, वरचे हलके वास लवकर संपतात आणि व्हॅनिलासारखा जड वास मागे रेंगाळतो. दुपारच्या लग्नात, मांडवाच्या गर्दीत तो माझ्या डोक्यात चढतो. म्हणून उन्हाळ्यात मी ब्लूमच सांगते. डिसेंबर-जानेवारीतलं रात्रीचं रिसेप्शन असेल तर मात्र बिनधास्त ला वी ए बेल. थंडीत त्याची ऊब फार छान उतरते.

दुकानात कागदाच्या पट्टीवर भुलू नका. एका मनगटावर एक, दुसऱ्यावर दुसरा, एकेक फवारा. मनगटं घासायची नाहीत. बिल न करता बाहेर पडा, बाकीची खरेदी उरका, जेवा, आणि तीन-चार तासांनी हुंगा. तेव्हा अंगावर जे उरलंय तेच तुम्हाला दिवसभर वागवायचंय. सोबत आई किंवा नणंद असेल तर तिलाही हुंगायला लावा, आपलं नाक आपल्या वासाला लवकर सरावतं.

गजरा माळणार असाल तर प्रश्नच मिटला. मोगऱ्याशी ब्लूमचं जमतं. प्रालीन आणि मोगरा एकमेकांवर कुरघोडी करतात.

आणि पैठणीवर फवारा कधीही नाही, रेशमावर डाग राहतो. आधी अंगाला बिनवासाचं क्रीम लावा, मग कानामागे आणि मानेवर सेंट, तो वाळला की साडी. बाटली पहिल्यांदा ३० मिलीचीच घ्या आणि खिडकीत न ठेवता कपाटात, कपड्यांच्या मागे ठेवा.