कर्नलला पॅच लावण्याआधी मेकफाइल उघडा

लिनक्स कर्नलचं (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं) सोर्स, म्हणजे मूळ कोड, मी नेहमी होम डिरेक्टरीतच उघडतो. यूएसआर-एसआरसीमधल्या लिनक्स डिरेक्टरीला हात लावू नका. लायब्रऱ्यांना लागणाऱ्या हेडर फाइली बऱ्याचदा तिथे असतात.

कर्नलच्या ६.६ आवृत्तीचं उदाहरण घेऊ. कर्नल डॉट ऑर्गवरून टारबॉल (सगळं सोर्स एकत्र बांधून एक्सझेडने दाबलेली फाइल) आणि त्याची साइन फाइल (डिजिटल सही), दोन्ही उतरवून घ्या. सही आतल्या टारवर केलेली असते, एक्सझेडवर नाही. म्हणून आधी अनएक्सझेड, मग जीपीजी या टूलने सही तपासणं आणि मगच टार एक्सएफने फाइली बाहेर काढणं. मशीनच्या मुळाशी बसणारी गोष्ट तपासूनच आत घ्यावी. नुसतं सोर्सच एक जीबीच्या वर जातं, तेवढी जागा आधी बघून ठेवा.

खरी गफलत पुढे होते. ६.६.२ चा पॅच (सोर्समधल्या बदलांची फाइल) ६.६.१ वर लावायचा नसतो, तो मूळ ६.६ साठी असतो. मला हे माहीत नव्हतं, मी एकावर एक लावत गेलो. ‘रिव्हर्स्ड ऑर प्रीव्हियसली अप्लाइड पॅच डिटेक्टेड’ असं आलं, खाली ‘अझ्यूम मायनस आर?’ (पॅच उलटा लावू का?) असा प्रश्न. मी वाय दाबत राहिलो. म्हणजे ६.६.१ ने केलेल्या दुरुस्त्या मी स्वतःच्या हाताने उसवत होतो. शेवटी सोर्सची सगळी डिरेक्टरी पुसून टारबॉल पुन्हा उघडावा लागला.

लॅरी वॉलने १९८५ मध्ये लिहिलेल्या, पॅच लावणाऱ्या ‘पॅच’ या टूलला कर्नलची आवृत्ती कळत नाही; ते फक्त आजूबाजूच्या ओळी जुळवून बघतं. आवृत्ती आपणच बघायची. सोर्समधल्या मेकफाइलच्या (कर्नल कसं बांधायचं ते सांगणाऱ्या फाइलीच्या) सुरुवातीला व्हर्जन ६, पॅचलेव्हल ६ आणि सबलेव्हल ० दिसलं पाहिजे. सबलेव्हल १ असेल, तर ६.६.१ चा पॅच आधी -आर देऊन काढा.

मग सोर्सच्या डिरेक्टरीत शिरून (टाइप अर्थातच रोमन अक्षरांत):

एक्सझेड -सीडी ../पॅच-६.६.२.एक्सझेड | पॅच -पी१ --ड्राय-रन

ड्राय-रन म्हणजे काही न बदलता नुसती चाचणी. पॅचमध्ये फाइलच्या नावाआधी ए/ किंवा बी/ असतं, पी१ ते गाळतं. ‘ऑफसेट’ दिसलं तर काळजी नको, ओळी थोड्या सरकल्यात एवढंच. ‘फझ’ आलं तर ओळी नेमक्या जुळल्या नाहीत, ती जागा डोळ्यांनी तपासा. ‘फेल्ड’ आलं तर थांबा. काहीच तक्रार नसेल तर ड्राय-रन काढून तीच कमांड द्या, आणि नंतर .आरईजे नावाची (न बसलेले बदल ठेवणारी) एखादी फाइल उरली नाही ना, हे फाइंडने शोधा.

आता जुनी .कॉन्फिग (कर्नलसाठी निवडलेल्या पर्यायांची फाइल) आत आणा आणि मेक ओल्डकॉन्फिग चालवा. नव्या पर्यायांपुरतेच प्रश्न येतील.