जवानाच्या मागे मुलांचे हक्क: कागद कसे लावायचे

साताऱ्याचं अपशिंगे असो वा सांगलीतल्या जतकडचं गाव, जवान गेल्यावर घराला काही सुचत नाही. तरी एक काम लांबवू नका: पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे जवानाच्या कुटुंबाच्या लष्करी नोंदीत, प्रत्येक मुलाचं नाव आणि जन्मतारीख चढली आहे का, हे त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला विचारा. मराठा लाइट इन्फंट्रीचं ते बेळगावला आहे. अर्ज अडतात ते इथंच. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, लष्करी नोंदीत शेवटी, आधारवर स्पेलिंग तिसरंच. तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. फरक दिसला तर दुरुस्ती आधी, अर्ज नंतर.

कुटुंब निवृत्तिवेतन बहुधा आधी पत्नीला मिळतं. ती हयात नसेल तर मुलांना: मुलग्याला 25 वर्षं, लग्न किंवा कमाई, यांतलं जे आधी येईल तोवर; मुलीला 25 नंतरही, लग्न किंवा कमाई होईतो मिळू शकतं. कमावू न शकणाऱ्या अपंग मुलाला ते आयुष्यभर मिळू शकतं. त्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र आई असतानाच नोंदवून घ्या, मागाहून लेकराची फार ओढाताण होते.

बारावीनंतर व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्यांना पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे: मुलींना महिना 3000, मुलांना 2500 रुपये. किमान 60 टक्के गुण हवेत. अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावर, तोही प्रवेशाच्या पहिल्याच वर्षी. कागदांसाठी सातारा किंवा सांगलीचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा. मूळ कागद दाखवा, हाती द्या त्या फक्त झेरॉक्स, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.