दारू सुटली, पण स्वतःची किंमत वाटत नाही? या चुका टाळा

"काका, दीड महिना झाला, थेंबसुद्धा घेतला नाही. तरी घरात आपली किंमत शून्य."

दारू सोडणाऱ्यांच्या आमच्या गटाची दर गुरुवारी मीटिंग असते. तिथे नवीन आलेला माणूस चाळीस-पन्नास दिवसांच्या सुमारास हे बोलतोच. मी २०११ च्या मे महिन्यात दारू सोडली. त्याआधी एकोणीस वर्षं प्यायलो. इचलकरंजीत मागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, होतो. आठवड्याचा पगार हातात पडला की निम्मा गुत्त्यावर जायचा आणि उरलेल्याचा हिशेब मी बायकोला खोटा सांगायचो. गेली बरीच वर्षं गटाचं काम बघतो आहे. माणसं बदलतात, चुका त्याच राहतात, आणि त्या चुकांपायी चांगली सावरलेली माणसं परत दारूत गेलेली बघवत नाहीत. म्हणून हे लिहितो आहे.

पहिली चूक: विश्वासाची वसुली करणं

"मी सोडली ना? मग आता मला मान द्या." जणू सोडलेला प्रत्येक दिवस म्हणजे घरच्यांवर चढलेली उधारी. ही चूक मी स्वतः केली आहे.

सोडून त्रेचाळीस दिवस झाले होते. दुसरी पाळी संपवून रात्री घरी आलो. बायकोनं दार उघडलं आणि बाजूला न होता तशीच दारात उभी राहिली. माझ्या तोंडाचा वास घेत होती. माझं डोकं फिरलं. वाढलेलं ताट मी भिंतीवर मारलं. "अजून संशय? मग पिऊनच आलो असतो तर काय बिघडलं असतं?" पोरगी आतल्या खोलीत जागी होती. दारू न पिता मी त्या रात्री अगदी प्यायल्यासारखा वागलो.

बायको खाली बसून भात गोळा करत होती. ती एवढंच म्हणाली, "अहो, तुम्ही प्यालेले नाही हे कळल्याशिवाय मला झोपच लागत नाही. मी काय करू?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिचा संशय मला अपमान वाटत होता. तिच्यासाठी ती एकोणीस वर्षांत लागलेली सवय होती. माझं शरीर पंधरा दिवसांत सावरायला लागलं होतं, पण तिच्या झोपेचं पथ्यपाणी कुणी केलं होतं?

दुसऱ्या दिवसापासून मी दोन गोष्टी केल्या. पहिली, येता येता बडीशेप, वेलची, पान खाणं बंद केलं. पिणाऱ्याच्या खिशात हे कायम असतं आणि कशासाठी असतं हे प्रत्येक बायकोला माहीत असतं. घरी आलो की तोंडबिंड न धुता सरळ स्वयंपाकघरात जायचो, तिच्याजवळ उभं राहून दिवसभरातलं काहीतरी सांगायचो. कुठला माग बंद पडला, कुणाची पाळी बदलली, असलं. वास घ्यायचा तर घेऊ दे. दुसरी, पगाराचं पाकीट न उघडता तिच्या हातात द्यायचो. चहापाण्याचे पैसे तिच्याकडून मागून घ्यायचो. गटातले दोघंतिघं म्हणाले, ही तर गुलामी झाली. मला तसं वाटलं नाही, आजही वाटत नाही.

तिनं वास घेणं कधी थांबवलं ते मला सांगता येणार नाही. दीडेक वर्षानं एका रात्री दार वाजवलं तर आतून आवाज आला, "उघडंच आहे." त्या रात्री ते लक्षात आलं.

पण मला स्वतःबद्दल बरं वाटायला लागलं ते त्याच्या कितीतरी आधी. लपवण्यासारखं काही खिशात नाही, तोंडात नाही, हिशेबात नाही, असं घराचा जिना चढताना ज्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं, त्या दिवसापासून. नव्या मुलांना मी हेच सांगतो. विश्वास घरच्यांचा आहे, ते देतील तेव्हा देतील. आपला शब्द मात्र आपल्या हातात आहे.

दुसरी चूक: घाईनं सत्कार घेणं

याचा मला सगळ्यात राग येतो, आणि राग सत्कार करणाऱ्यांवरही आहे.

आमच्या गटात तिशीचा एक मुलगा होता. हुशार, बोलका. त्याला दोन महिने झाले आणि गणपती आले. गल्लीच्या मंडळानं ठरवलं, 'व्यसनावर मात करणारा आपला युवक' म्हणून त्याचा सत्कार करायचा. शाल, श्रीफळ आणि चौकात त्याच्या फोटोचा मोठा फ्लेक्स. तो मला विचारायला आला. मी म्हणालो, "नको. निदान वर्ष तरी जाऊ दे." तो म्हणाला, "काका, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी हार घालतंय." यावर मी गप्प बसलो. मी तेव्हा आणखी जोर लावायला हवा होता.

भाषण छान झालं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि दसऱ्याच्या आसपास तो एका मित्राच्या घरी दोन पेग प्यायला.

स्लिप होते, म्हणजे सोडलेला माणूस परत पितो. आमच्यातल्या कितीतरी जणांची झालेली आहे. दुसऱ्या दिवशी मीटिंगला यायचं, सांगायचं, रडायचं असेल तर रडायचं आणि परत सुरुवात करायची. पण याला येता येईना, कारण चौकात फ्लेक्स तसाच लटकत होता. त्याच्याखालून जाताना त्याला स्वतःच्या फोटोकडे बघवेना. मग रस्ता बदलला, मीटिंगचा गुरुवार चुकवला, आमचे फोन उचलणं बंद केलं. दोन पेगचे पुढे अकरा आठवडे झाले. शेवटी आईनं मला गाठलं तेव्हा तो सरकारी दवाखान्यात सलाईनवर होता.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची, एकमेकांना आधार देणारी संघटना. ती १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रन शहरात सुरू झाली. त्यांच्या बारा परंपरा, म्हणजे गट कसा चालवायचा याचे नियम, १९५० च्या अधिवेशनात स्वीकारल्या गेल्या. वर्तमानपत्र, रेडिओ, सिनेमा यांत सदस्यानं आपलं नाव उघड करू नये, असं त्यांत स्पष्ट आहे. नवीन मुलांना वाटतं हे लाजेपोटी आहे. माझा अनुभव वेगळा आहे. नाव झाकलेलं असलं की पडलेल्या माणसाला परत दारातून आत येता येतं. टाळ्यांवर उभी केलेली किंमत टाळ्या देणाऱ्यांच्या मालकीची असते, ते कधीही काढून घेतात.

तो मुलगा परत आला. आल्यावर मी त्याला एकच काम दिलं: गुरुवारी अर्धा तास आधी येऊन सतरंज्या घालायच्या आणि संपल्यावर घडी करून कपाटात ठेवायच्या. ते कुणी बघत नाही, त्यासाठी कुणी हार घालत नाही. पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र २९ ऑगस्ट १९८६ ला सुरू झालं. तिथे उपचार घेऊन सावरलेली कितीतरी माणसं पुढे तिथलीच कार्यकर्ती झाली. ती सगळी अशाच न दिसणाऱ्या कामातून गेलेली असणार, असं मला वाटतं.

तिसरी: आरशासमोर स्वतःची स्तुती

मोबाइलवर बघून हल्ली मुलं रोज सकाळी म्हणतात, "मी महान आहे, मी मौल्यवान आहे." कुणाला उपयोग होत असेल तर मी आड येणार नाही. पण ज्यानं काल आईच्या पाटल्या विकल्या, त्याच्या मनाला ते वाक्य खोटं आहे हे आतून ठाऊक असतं. खोटं बोलणं हाच तर आपला जुना आजार.

माझी सवय वहीची आहे. दोनशे पानी साधी वही. सकाळी एक, फक्त एक, गोष्ट लिहायची: आज हे करेन. रात्री खाली लिहायचं: केलं किंवा नाही केलं. माझ्या पहिल्या वहीत 'पाण्याची मोटर लावेन', 'पोरीच्या सायकलची चेन बसवेन', 'दुकानदाराला पन्नास रुपये देईन' असलंच आहे. घाई असलेला मुलगा पहिल्याच दिवशी लिहितो, 'सहा महिन्यांत सगळं कर्ज फेडेन.' मी ते पान फाडायला लावतो. मोठा शब्द मोडला की दारूला निमित्त मिळतं. पन्नास रुपयांचा शब्द मात्र पाळता येतो, आणि असे दोनशे शब्द पाळले की माणूस मान वर करून दुकानासमोरून जातो.

माफी मागत सुटणं

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सावरण्याच्या बारा पायऱ्यांतली नुकसानभरपाईची पायरी नववी आहे, पहिली नाही, हे आधी लक्षात घ्या. आणि तीतच म्हटलं आहे की ज्यामुळे त्या माणसाला किंवा दुसऱ्या कुणाला इजा होईल तिथे ती करू नका. स्वतःचं मन हलकं करायला जुन्या जखमा उकरू नका. 'मी चुकलो' म्हणताना 'मीच नालायक' म्हणू नका; चूक दुरुस्त करता येते, नालायक ठरवलेला माणूस काहीच करत नाही. वर्षानुवर्षं मीटिंगमध्ये स्वतःला शिव्या देत बसलेले लोक मी पाहिले आहेत. ते बोलतात भरपूर, पण घरचं लाइट बिल बायकोच भरते.

न सांगता गोळी देणं

ही चूक घरच्यांची. 'पेशंटला न कळता दारू सोडवा' अशा जाहिराती वाचून जेवणात पूड मिसळतात. त्या पुडीत डायसल्फिरम नावाचं औषध असेल आणि ते अंगात असताना दारू प्यायली तर चेहरा लाल होणं, उलट्या, धडधड, रक्तदाब घसरणं असं होतं, आणि जिवावरही बेतू शकतं. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहू शकतो. डॉक्टर ते पेशंटला सांगून, तपासून, त्याच्या संमतीनं देतात. शिवाय फसवून सोडवलेली दारू त्या माणसानं सोडलेली नसते, मग तिच्या जोरावर तो उभा कसा राहील?

आता थोडक्यात बाकीच्या.

मित्रांबरोबर बारमध्ये जाऊन "मी नुसता सोडा घेतो" हे दाखवू नका. निर्धार तिथे सिद्ध होत नाही.

भूक, राग, एकटेपणा, थकवा, या चारांत तलफ येते. संध्याकाळी सहाच्या आत काहीतरी खा. माझ्या डब्यात शेंगदाण्याचा लाडू कायम असतो.

दुसऱ्याच्या दिवसांशी आपले दिवस मोजू नका.

'मीच एक असा वाया गेलेला' हे खरं नाही. २०१९ च्या केंद्र सरकारच्या पाहणीनुसार देशात दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज असलेले सुमारे ५.७ कोटी लोक आहेत.

रोज भरपूर पिणाऱ्यानं हिमतीच्या जोरावर घरातच एकदम बंद करू नये. दोन-तीन दिवसांत झटके, भास, वात (शुद्ध हरपून बरळणं) होऊ शकतो. आधी डॉक्टर.

स्लिप झाली तर लपू नका, आणि गर्द (ब्राऊन शुगर) किंवा इंजेक्शनवाल्यांनी तर मुळीच नाही. काही आठवडे बंद असल्यावर शरीराची जुनी सहनशक्ती गेलेली असते. आधीचाच डोस श्वास थांबवू शकतो, आणि लाजेनं एकटाच खोलीत असलेल्या माणसाला उठवायला कुणी नसतं.

शेवटचं, गटातल्या जुन्या मंडळींसाठी. "गोळ्या म्हणजे दुसरं व्यसन" असं सांगून कुणाची मनोविकाराची औषधं बंद करायला लावू नका. सुरुवातीचे काही आठवडे मन उदास राहतं, झोप लागत नाही, ते बहुतेकांचं हळूहळू निवळतं. पण दोन आठवडे सलग 'आपण कवडीमोलाचे' असंच वाटत असेल, जेवण-झोप गेली असेल, तर ते डिप्रेशन असू शकतं. तिथे वही पुरत नाही, मानसोपचारतज्ज्ञ लागतो. आणि मरणाचे विचार यायला लागले तर गुरुवारची वाट बघू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, व्यसनमुक्तीच्या हेल्पलाइनचा १४४४६. दोन्ही आमच्या खोलीच्या फळ्यावर खडूनं लिहिलेले असतात. पुसट झाले की सतरंज्या घालणारा तो मुलगा ते पुन्हा गिरवतो.