गंजलेले नट सोडवताना

गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत किनाऱ्यालगत उघड्यावर पावसाळे काढलेल्या जीपचे नट सहजी पान्याला दाद देत नाहीत. आधी तारेच्या ब्रशने बाहेर दिसणारे आटे साफ करा. एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि ॲसिटोन समप्रमाणात मिसळून थेंब सोडा, रात्रभर मुरू द्या. हे मिश्रण भडकन पेटतं, रंगही खातं. त्यावर ज्योत कधीच नको.

सॉकेट सहा कोनीच घ्या, बारा कोनीने नटाचे कोपरे झिजतात. आधी किंचित आवळा, मग सोडवा. मध्येच अडला तर अर्धा फेरा मागे, पुन्हा तेल.

सायलेन्सरचे स्टड (इंजिनात बसवलेले, डोकं नसलेले बोल्ट) सर्वांत दगाबाज. जोर लावला की स्टड इंजिनच्या हेडमध्येच तुटतो आणि लेथवाल्याचा खर्च वाढतो. तिथे हट्टी नट सरळ छिन्नीने उभा चिरा. नवा नट स्वस्त पडतो.